लहान कशावरून?

दिवाळीच्या किल्ल्यावर प्रमाण नावाची गोष्ट पाळायची नसते, हा नियम कोणी केला कोण जाणे. पण तो मोडलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. बुरुजापेक्षा तोफ मोठी, तोफेपेक्षा मावळा मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज उठून उभे राहिले तर गडाचा माथा त्यांच्या गुडघ्याला लागेल, असा एकंदर थाट असतो. खंदकाशेजारी गवळण, गवळणीशेजारी वाघ, आणि दोघांची उंची सारखीच. हळीव उगवून दोन बोटे वर आले की निम्मे सैन्य त्या अरण्यात बुडून जाते. कोणालाही काही खटकत नाही. आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर मात्र गेली आठ-दहा वर्षे आणखी एक प्राणी उभा असतो, आणि फराळाला आलेली माणसे त्याच्यापाशी हटकून थांबतात. महादरवाजाच्या बाहेर, भालदाराच्या शेजारी, डायनोसॉरचे एक पिल्लू.

"हे काय हो मध्येच?" असे कोणी विचारले की माझा मुलगा म्हणतो, "ते बाबांचं आहे."

एवढे बोलून त्याने आपली सुटका करून घेतलेली असते. उत्तर देण्याची पाळी मग माझ्यावर येते, आणि ते उत्तर मला कधीच नीट देता आलेले नाही. चाळिशी उलटलेला चित्रकलेचा मास्तर, मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन पोटाला लागलेला, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. आणि अशा माणसाच्या पुस्तकांच्या कपाटातला मधला कप्पा डायनोसॉरच्या पिल्लांनी भरलेला! मोजून सतरा आहेत. त्यांत पूर्ण वाढलेला एकही नाही. निदान गेल्या वर्षापर्यंत मी तसे छातीठोकपणे सांगत असे.

या छंदाची सुरुवात अगदी साधी आहे. माझा मामेभाऊ काही वर्षे अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी होता. तिथल्या कार्नेगी संग्रहालयाच्या नावाने १९८८ सालापासून डायनोसॉरच्या प्रतिकृती निघत असत. २०१५ साली ती मालिका बंद झाली. २०१२ साली तो सुटीवर आला तेव्हा त्याने माझ्या तान्ह्या मुलासाठी त्यांतली एक मोठी प्रतिकृती आणली, आणि तिच्या जोडीला दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचे एक छोटे पिल्लू. मोठी माझ्या भाच्याने त्याच दिवशी रडून मिळवली. पिल्लू उरले. ते मी टेबलावर ठेवले, आणि कादंबरीचे प्रकरण अडले की त्याच्याकडे पाहत बसू लागलो. पुढे मोह वाढत गेला. पिल्लेच का, याचे खरे कारण असे की ती स्वस्त असतात आणि कप्प्यात मावतात. तत्त्वज्ञान नंतर सुचते.

त्या मोठ्या प्रतिकृतीचे प्रमाण होते चाळीसास एक. म्हणजे खऱ्या प्राण्याचे चाळीस सेंटिमीटर ते प्रतिकृतीचा एक. बारा मीटर लांबीचा टायरॅनोसॉरस या हिशेबाने तीस सेंटिमीटरचा होतो, फुटपट्टीएवढा. आणि माझ्यासारखा साडेपाच फुटी मास्तर चार सेंटिमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे वापरून उरलेल्या खडूच्या तुकड्याएवढा. मोठ्यांच्या बाबतीत हे सारे सुरळीत चालते. घोटाळा होतो तो पिल्लांच्या बाबतीत. आपल्या गुजरातेत डायनोसॉरच्या एका अवाढव्य शाकाहारी जातीचे नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू दगडात सापडले आहे. त्याची लांबी अवघी अर्धा मीटर. चाळीसास एक या प्रमाणात ते सव्वा सेंटिमीटरचे होईल. शेंगदाण्याएवढे! शेंगदाण्याला डोळे कोण कोरणार, आणि तो विकत कोण घेणार? म्हणून कारखानदार पिल्लांपुरते प्रमाण गुपचूप सोडून देतात. माझ्या कप्प्यातली पिल्ले एकेकटी पाहिली तर छान आहेत. पण त्यांच्या आया त्यांच्याशेजारी आणून उभ्या केल्या तर कोण कोणाचे लेकरू तेच कळणार नाही. आईच्या मापाने मोजावीत तर ती दिसेनाशी होतात, आणि दिसावीत म्हणून मोठी करावीत तर खोटी होतात. शाळेत सव्वीस वर्षे मुलांना गुण देत आलेल्या माणसाला ही अडचण अगदीच अनोळखी नाही.

ती गोड दिसतात, यात मात्र शंका नाही. आणि या गोडपणाबद्दल मला अलीकडे थोडा संशय येऊ लागला आहे. कॉनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली असे मांडले की मोठे कपाळ, चेहऱ्याच्या मानाने मोठे आणि खाली बसवलेले डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय हे दिसले की माणसाच्या मनात आपोआप वात्सल्य उसळते. मग ते मूल माणसाचे असो की कुत्र्याचे. आम्ही चित्रकलेचे मास्तर हे फळ्यावर रोज करतो. मुलाचा चेहरा काढायचा तर डोळ्यांची रेघ डोक्याच्या मध्यापेक्षाही खाली आणायची, की झाले मूल तयार. खेळणी घडवणारेही तेच करतात. वाढल्यावर जो प्राणी म्हैस तोंडात धरू शकला असता, त्याचे डोळे थोडे मोठे केले, पाय थोडे आखूड केले, की आपण त्याला तळहातावर घेऊन "किती गं गोड!" म्हणतो. वाघाच्या बछड्याला आपण मांडीवर घेतो ते त्याचे दात दुधाचे आहेत म्हणून. तो आपल्याला काही करू शकत नाही, ही खात्री त्या वात्सल्याच्या तळाशी असते.

इथून माझ्या मनात जो प्रश्न निघाला तो काही केल्या सुटत नाही. जे लहान आहे त्याच्यावर आपण माया करतो, की ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याला आधी लहान ठरवून घेतो आणि मग माया करतो?

हा प्रश्न मला एकट्याला बसून सुचला असता तर मी त्याच्यावर एखादे प्रकरण लिहून मोकळा झालो असतो. तो मला विचारला एका विद्यार्थ्याने, आणि तोही या शब्दांत नव्हे.

२०१८ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गाला वस्तुचित्रासाठी मी कप्प्यातले एक पिल्लू नेले होते. टायरॅनोसॉरसचे पिल्लू, अंगाने सडपातळ, पाय लांब, डोके निमुळते. टेबलावर वही उभी करून तिच्या पुढ्यात ते ठेवले आणि मुलांना थोडी माहिती सांगितली. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याला मी इथे किसन म्हणतो. वर्गातला सर्वांत बुटका मुलगा. बाकावर बसला तर नुसते डोके दिसे. माझ्या तासाला हटकून डुलक्या घेणारा. म्हणून वर्षाच्या सुरुवातीसच मी त्याला एकदा "ऊठ रे पिल्ला!" म्हणून हाक मारली होती, आणि वर्गाने ते नाव उचलले होते. मी ते मायेनेच म्हणालो होतो. निदान माझी तशी समजूत होती.

तो उठला आणि म्हणाला, "सर, हे लहान आहे कशावरून?"

मी म्हणालो, "डबीवर लिहिलंय."

वर्ग हसला. "पिल्लू विचारतंय पिल्लाबद्दल," असेही कोणी तरी म्हणाले. किसन खाली बसला आणि चित्र काढू लागला. त्याने काढलेला प्राणी मला अजून दिसतो. पाय ताणलेले, मान पुढे काढलेली, नजर कुठे तरी दूर. दहापैकी चार गुण देऊन मी खाली शेरा लिहिला, "पिल्लू वाटत नाही."

मुलाचा प्रश्न मात्र रास्त होता. पंडित लोक हे ठरवतात तरी कसे? आकारावरून म्हणावे तर त्यात त्यांचीच पुष्कळदा फसगत झालेली आहे. माझ्या कप्प्यात दोन काटेरी डोक्याचे प्राणी आहेत. एकाचे नाव स्टिजिमोलॉक. हे नाव १९८३ साली पडले. दुसऱ्याचे ड्रॅकोरेक्स, ते २००६ साली. पहिल्याच्या डोक्यावर लहानसा घुमट आणि लांब शिंगे, दुसऱ्याचे डोके सपाट आणि काट्यांनी भरलेले. यांच्याच मुलखात पॅकिसेफॅलोसॉरस नावाचा एक मोठा प्राणी होता. त्याच्या कवटीवर एवढा जाड घुमट की जणू वाडगे पालथे घातले आहे. तिन्ही जाती वेगळ्या मानल्या गेल्या, तिघांना तीन भारदस्त नावे मिळाली. २००९ साली जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी मांडले की हे तिघे नाहीतच. हा एकच प्राणी आहे. लहानपणी सपाट डोक्याचा, पोरवयात काटेरी, आणि वाढल्यावर घुमटवाला. मला हे वाचून आमच्या शाळेतले पाचवीचे, आठवीचे आणि दहावीचे हजेरीपट आठवले. पाचवीतला एक गरीब मुलगा, आठवीतला एक टगा आणि दहावीतला एक शहाणा, अशी तीन निराळी माणसे आम्ही शिक्षक खोलीत चर्चेला घेत असतो. आणि नाव पाहावे तर एकच!

आकारावर विसंबता येत नाही म्हटल्यावर उपाय एकच उरतो, तो म्हणजे हाड कापून पाहणे. मांडीच्या किंवा नळीच्या हाडाची चकती कापायची, काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वर्षावर्षाची वलये हाडात दिसतात. प्राणी वाढत असेल तर वलये दूरदूर. वाढ संपली असेल तर बाहेरच्या कडेला ती एकमेकांना चिकटून दाटीने उभी. आत पाहिल्याखेरीज वय कळत नाही, आणि कापल्याखेरीज आत पाहता येत नाही. म्हणूनच जाणते लोक कापण्यापूर्वी त्या हाडाचा साचा घेतात, त्याची हुबेहूब प्रतिकृती करून ठेवतात, छायाचित्रे काढतात. कारण एकदा गेलेली चकती परत येत नाही.

मी किसनला कापले तेव्हा यांतले काहीच केले नव्हते.

सहामाहीची प्रगतिपुस्तके परत आली होती. त्या वर्षी मी त्यांचा वर्गशिक्षक होतो. किसनच्या पुस्तकावर 'पालकाची सही' या जागी जी सही होती ती पाहताच मी ओळखले की ती त्याच्याच हातची आहे. शब्द कोणी कसाही वळवू दे, रेघेचा दाब लपत नाही. मी ते पुस्तक वर्गापुढे उंच धरले. खोटी सही करणे हा गुन्हा आहे, यावर पाच मिनिटे व्याख्यान दिले. तो उभा होता. एक शब्द बोलला नाही. पिल्लूसुद्धा लबाड असते, असे काहीसे मी शेवटी म्हणालो, हे लिहिताना आज माझाच हात अडतो.

त्याच संध्याकाळी ते पुस्तक घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांना सांगावे, एवढाच हेतू. वडील बाजेवर पडून होते. उजवी बाजू लुळी, बोलणेही फुटत नव्हते. आई दाराशी उभी राहिली ती पदर तोंडाला लावूनच. तिच्याकडून मला हळूहळू सारे समजले. किसन रात्री दहापासून बेकरीत भट्टीवर कामाला असे. पहाटे सायकलवर पावाची टोपली लावून गावभर पाव टाकून यायचा, मग शाळेत. दीड वर्ष असे चालले होते. त्यातून औषध, भाडे आणि धाकट्या बहिणीची शाळा. हे सांगितले जात असताना किसन कोपऱ्यात पाठमोरा बसून होता. तेवढ्यात ती धाकटी, पहिली-दुसरीतली असेल, आपली वही घेऊन आली. बाईंनी घरून सही आणायला सांगितली होती. वडिलांकडे न बघता, आईकडे न बघता, ती सरळ त्याच्यापुढे बसली. त्याने माझ्यादेखत सही केली, वही तिला दिली, आणि प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, घरात पालक मीच आहे."

मी गेलो नसतो तर बरे झाले असते का? या प्रश्नाशी मी अजून झगडतो. गेलो नसतो तर तो मुलगा माझ्या दप्तरी खोटारडा म्हणून राहिला असता. तेव्हा जाणून घेणे वाईट, असे मला म्हणवत नाही. पण जाणून घेतल्यावर मी जे केले ते न जाणण्यापेक्षा वाईट होते. दुसऱ्या दिवशी मी शिक्षक खोलीत सारी हकीकत सांगितली. सर्वांना कळवळा आला. वर्गणी निघाली. सोमवारी प्रार्थनेनंतर त्याला सगळ्या शाळेसमोर पुढे बोलावून पाकीट देण्यात आले, त्याच्या कष्टांचे वर्णन झाले, टाळ्या झाल्या. ही कल्पना माझी होती. दीड वर्ष ज्या गोष्टीवर त्याने कोणाची नजर पडू दिली नव्हती, ती आम्ही दहा मिनिटांत सातशे मुलांना वाटून टाकली. त्याने पाकीट घेतले, नमस्कार केला. महिनाभर शाळेत आला आणि मग यायचा थांबला. दाखला न्यायला त्याची आई आली. पुढे त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, एवढे माझ्या कानांवर आले.

त्या दिवसांत मी कप्प्याकडे फारसे पाहत नसे. पण वाचन चालूच होते. आणि जे वाचत होतो त्यात मला सारखा किसन दिसे. अमेरिकेत माँटाना राज्यात १९७८ साली काही चिमुकली हाडे मिळाली आणि १९७९ साली हॉर्नर व रॉबर्ट मकेला यांनी मायासॉरा ही जात नोंदवली. या नावाचा अर्थ 'चांगली आई सरडी'. एका घरट्यात आणि त्याच्या आसपास पंधरा पिल्ले होती. ती अंड्यातून नुकती निघालेली नव्हती. मीटरभर लांबीची झाली होती आणि त्यांचे दात झिजलेले होते. म्हणजे खाणेपिणे सुरू झाल्यावरही ती घरट्यातच राहिली होती. कोणी तरी त्यांना आणून भरवत असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

आता आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात या. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. ही अंडी टायटॅनोसॉर जातीची, म्हणजे त्या अवाढव्य शाकाहाऱ्यांची. इथली घरटी एकमेकांना इतकी लागून आहेत की मोठ्या प्राण्याला त्यांमध्ये पाय ठेवायलाही जागा नव्हती. अंडी घालून आया निघून गेल्या असाव्यात. पिल्लू बाहेर आले की जग त्याचे आणि तो जगाचा. त्या जगात कोण वाट पाहत असे, तेही दगडाने सांगून ठेवले आहे. गुजरातेत धोली डुंगरी इथे सापडलेला एक खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी १९८७ साली वर्णिला. त्यांना त्यात पिल्लाची हाडे दिसली होती. २००१ साली जेफ्री विल्सन यांनी तो खडक पाहिला, तेव्हा त्यांतले काही मणके पिल्लाचे नसून सापाचे आहेत असे ध्यानात आले. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, आणि शेजारी ते अर्धा मीटरचे पिल्लू. सुमारे सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचा एक क्षण, वाळूने झाकून ठेवलेला. २०१० साली त्या सापाला सनाजेह असे नाव मिळाले. या प्रसंगाचे एक शिल्पही झाले आहे, प्रमाणात न आटवता, खऱ्या आकाराचे. त्याचे छायाचित्र पाहिले तेव्हा त्या पिल्लाला "गोड" म्हणावेसे मला वाटले नाही.

मायासॉराची पिल्ले आणि टायटॅनोसॉरची पिल्ले. वय पाहिले तर ही दुसरीच लहान. पण बालपण कोणाला होते? मला वाटू लागले की बालपण हे वयाचे नाव नसावे. ती कोणी तरी कोणाला दिलेली वस्तू असावी, घास भरवावा तशी. ज्याला ती मिळाली नाही तो अंड्यातून बाहेर पडल्या क्षणी पोक्त असतो, त्याची लांबी काही का असेना. आणि अशा पोक्ताला आपण वर्गात गाल ओढून "पिल्लू" म्हणतो, तेव्हा त्याला जे मिळालेले नाही तेच त्याच्या नावावर चिकटवत असतो. उलट, धाकटीला ती वस्तू मिळत होती. देणारा कोण होता, ते मी डोळ्यांनी पाहिले होते.

गेल्या वर्षी, २०२५ सालची दिवाळी उरकून आठवडा झाला होता. अंगणात किल्ला तसाच होता. हळीव पिवळे पडून मावळे पुन्हा दिसू लागले होते. ऑक्टोबरच्या ३० तारखेला बातमी आली. टायरॅनोसॉरसच्या मुलखात सापडणाऱ्या, सडपातळ अंगाच्या आणि लांब पायांच्या काही सांगाड्यांवरून पंडितांत फार जुना वाद होता. १९४२ साली मिळालेल्या अशा एका कवटीला १९८८ साली नॅनोटायरॅनस, म्हणजे बुटका जुलमी, हे नाव देण्यात आले. अनेकांनी ते नाकारले. ही टायरॅनोसॉरसची अल्पवयीन पोरे आहेत, असे त्यांचे म्हणणे. २००१ साली सापडलेल्या आणि जेन नावाने प्रसिद्ध झालेल्या सांगाड्यालाही बहुतेकांनी पोरच मानले. तिच्या कापलेल्या हाडाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात ती तेरा वर्षांची आणि वाढती निघाली. दुकानांत मिळणारी टायरॅनोसॉरसची सडपातळ पिल्ले याच बांध्याची असत. माझे त्यांतलेच. आता नॉर्थ कॅरोलायनातल्या लिंडसे झॅनो आणि त्यांचे सहकारी जेम्स नॅपोली यांनी दुसरा एक सांगाडा तपासून जाहीर केले होते की त्याच्या हाडातली वलये कडेला दाटलेली आहेत. हा प्राणी सुमारे वीस वर्षांचा, पूर्ण वाढलेला होता. हात, शेपटीचे मणके, कवटीतल्या नसांच्या वाटा, काहीच टायरॅनोसॉरसशी जुळत नाही. ही वेगळी, लहान चणीची जात आहे. जेनलाही त्यांनी त्याच लहान चणीच्या कुळात घातले. ती पोर खरी, पण त्या दांडग्याची नव्हे.

मी उठून अंगणात गेलो. महादरवाजापाशी ते उभे होते. पाय ताणलेले, मान पुढे काढलेली. सात वर्षांपूर्वी दहापैकी चार गुण दिलेले चित्र जसेच्या तसे माझ्यासमोर उभे राहिले.

मुलाने विचारले, "बाबा, मग हा आता पिल्लांच्या कप्प्यात नको ना?"

मी म्हणालो, "सध्या टेबलावर राहू दे."

तो टेबलावरच आहे. डबी मी टाकून दिली नाही. तिच्यावरचा शब्दही खोडला नाही. दुसऱ्याने छापलेला शब्द खोडून आपली चूक कमी होत नाही.

किसन आता टेंपो चालवतो. पाव त्याच बेकरीचे, पण टेंपो त्याचा स्वतःचा आहे म्हणतात. रस्त्यात दिसला की हात वर करतो, थांबत नाही. त्याची धाकटी बहीण यंदा दहावीत आहे, माझ्याच वर्गात. अंगाने थोराड आहे, भावापेक्षा उंच. खूप बोलते, खूप हसते, आणि चित्रकलेचे सामान रोज विसरते. घटक चाचणीची प्रगतिपुस्तके परवा परत आली. तिचे उघडले. पालकाच्या जागी सही होती. रेघेचा दाब तोच. अक्षर थोडे वेगात गेलेले, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून करावी तसे. त्याच्याखाली वर्गशिक्षकाची जागा असते. मी टोपण काढले आणि त्याच्या सहीखाली सही केली.